तिळगुळाच्या पुडीची आतली बाजू

आमच्या घरात वाटाण्याला वाटाणा कुणी म्हणत नाही. बोलणं मराठीत चाललेलं असलं तरी तोंडात मटरच येतो. जबलपूरला थंडी स्थिरावली की गढा भागातल्या बाजारात हातगाड्यांवर हिरवे ढीग लागतात आणि दुपारी गल्लीतल्या गच्च्यांवर, ओट्यांवर बायका उन्हाकडे पाठ करून मटर सोलत बसतात. शेंग फुटताना अगदी बारीक आवाज होतो. एकटीच्या हातात तो ऐकूही येत नाही. पाच-सहा जणी बसल्या की मात्र येतो, आणि त्या आवाजाच्या आडोशाने एरवी न बोलता येणाऱ्या गोष्टी बोलल्या जातात. डोळे शेंगांकडे, हात चालू, कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहायचं नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाचन मी असंच, मटर सोलता सोलता केलं होतं. तेव्हा मी अकरावीत होते.

यंदाही मटर आला. संक्रांतही आली. तीळ भाजले, आईच्या पद्धतीने गुळात चमचाभर तूप जास्त घालून लाडू वळले आणि शाळेत माझ्या वर्गातल्या मुलामुलींना एकेक पुडी वाटली. फक्त यंदा पुड्या कोऱ्या कागदाच्या होत्या. पांढराशुभ्र कागद, बाहेर काही नाही, आत काही नाही. मुलांनी लाडू खाल्ला, कागद चुरगळून खिशात घातला. मला मात्र तेव्हापासून काहीतरी विसरून घराबाहेर पडल्यासारखं वाटतंय.

का वाटतंय ते सांगायचं तर त्या अकरावीच्या हिवाळ्याकडे जावं लागेल.

आमचं मूळ घर वर्धेकडचं. बाबा गोहलपुरातल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करायचे आणि आई सरकारी आरोग्य केंद्रात आया होती. झाडणं, पुसणं, पेशंटच्या नावाने हाका मारणं, रडणाऱ्या बाळांना सुईच्या वेळी घट्ट धरणं, ही तिची कामं. तिला वाचता येत नव्हतं. बाबा सही करायचे, तीही अशी, की एकेक अक्षर जोडताना त्यांच्या कपाळावर वेल्डिंगच्या वेळी पडायच्या तशाच आठ्या पडायच्या. दहावीच्या पुढे गेलेली आमच्या घरातली मी पहिली. पुढे बी.एस्सी. झाले तेव्हा आईने निकालाचा कागद देवासमोर ठेवला आणि हळदीचं बोट लावलं. तो पिवळा डाग माझ्या पदवीच्या त्या कागदावर अजून आहे.

कागदाची आमच्याकडे फार किंमत होती. केंद्रात नव्या पत्रकांचे गठ्ठे आले की जुने रद्दीत जायचे. ती एका बाजूने छापलेली असायची, दुसरी बाजू कोरी. तिथल्या मोठ्या नर्सबाईंना सगळे सिस्टरजी म्हणत. त्यांना विचारून आई ते गठ्ठे घरी आणायची. माझं बीजगणित मलेरियाच्या मागे झालं, रसायनशास्त्राची समीकरणं लोहाच्या गोळ्यांच्या मागे. लिहिताना छापील बाजू खाली जायची. एखादा डास शाईतून वर उमटायचा आणि माझ्या 'क्ष'च्या शेजारी येऊन बसायचा.

त्या वर्षी आईने पिवळ्या कागदांचा गठ्ठा आणला. वरच हिंदीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, यौन संक्रमण, जानकारी और बचाव. मी पहिले दोन शब्द वाचले आणि गठ्ठा उलटा करून ठेवला. पुढची एकही ओळ वाचली नाही. घरात कुणी नव्हतं, असतं तरी वाचता कुणाला येत होतं? तरीही मी तो उलटा ठेवला.

आमचं त्या विषयाचं ज्ञान भिंतींवरून आलेलं होतं. मदन महल स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर पांढऱ्या भिंतींवर निळ्या-लाल अक्षरात जाहिराती रंगवलेल्या असायच्या. गुप्त रोगी मिलें, शर्तिया इलाज, आणि खाली कुठल्याशा तंबूचा पत्ता. मी आणि माझी मैत्रीण रेखा सायकलवरून तिथून जाताना मान अशी ताठ ठेवायचो, जणू भिंत आमच्याकडे बघतेय. रेखाला सगळं माहीत असायचं.

"सार्वजनिक बाथरूम से होता है," एकदा ती म्हणाली. "मेरी मौसी की ननद ने बताया है."

"और शादी के बाद?"

"शादी के बाद तो अच्छे घर की लड़कियों को होता ही नहीं. वो गंदी औरतों की बीमारी है."

एवढं सांगून तिने सायकलची घंटी वाजवली, विषय संपल्यासारखी. त्या मौसीच्या नणंदेच्या भरवशावर रेखा दोन वर्षं शाळेच्या बाथरूमला गेली नाही. सकाळपासून पाणी प्यायची नाही, चौथ्या तासाला तिचं डोकं दुखायला लागायचं आणि बाई तिला म्हणायच्या, चष्मा लागला असेल.

मी तिला हसत नव्हते, कारण मी तिच्याहून पुढे गेले होते. बस स्टँडवरच्या बाथरूमला मी एकदा गेले होते. त्यानंतर त्या वयात मुलींच्या अंगावरून जे साधं, नेहमीचं पाणी जातं ते मला दिसलं, आणि मी ठरवून टाकलं की झाला. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मी तो रोग अंगात घेऊन हिंडले. आईला शिवायला घाबरायची. माझा टॉवेल वेगळ्या खिळ्याला लावायची. आई म्हणायची, "काहून गं, आता साहेबीण झाली का? वेगळा टॉवेल पाहिजे?" उशाशी पिवळा गठ्ठा होता, त्यात माझ्या भीतीचं उत्तर चौथ्या ओळीत छापलेलं होतं, आणि मी त्याच्या पाठीवर त्रिकोणमिती सोडवत होते.

आता वर्गात शिकवताना हे आठवलं की मला त्या मुलीचा राग येत नाही. तिला जवळ घ्यावंसं वाटतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या घरी छोटंच असायचं. गल्लीतल्या चार-पाच मराठी बायका, आणि ज्यांच्याशिवाय कुठलाच कार्यक्रम पुरा होत नसे त्या समोरच्या मिश्रा चाची. वाण म्हणून आई कधी मिठाचा पुडा द्यायची, कधी कंगवा. तिळगूळ मात्र पुडीतून द्यायचा, ही तिची हौस. हातावर ठेवला की लोक तिथंच खातात, पुडीतून दिला की घरच्या पोरांच्या तोंडात जातो, असं ती म्हणायची.

पुड्या करायला मी बसले. जुनी वर्तमानपत्रं तिला नको होती, त्यांची शाई लाडवाला लागते. तिने पिवळा गठ्ठा ओढला.

"हा घे न. हळदीवानी दिसते."

"आई, त्यावर छापलंय."

"त ते आत घे. कोरं बाहेर. काय छापलं हाय?"

"असंच. दवाखान्याचं."

"मंग काय वाईट हाय?" ती म्हणाली आणि तीळ परतायला वळली.

मी छापील बाजू आत घेतली. चौकोन, मग तिरपी घडी, मग कोपरा खोचायचा. चाळीस पुड्या. घडी घालताना मी अक्षरांकडे बघत नव्हते. शरम झाकायला याहून चांगली जागा नाही असं मला वाटत होतं. पुडी कशासाठी असते, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. पुडी उघडण्यासाठी असते. आणि आत काय आहे ते, जो उघडतो त्याला एकट्यालाच दिसतं.

शिवाय मी तुपाचा विचार केला नव्हता. आईचे ते चमचाभर जास्त तुपाचे लाडू. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उरलेल्या पुड्यांचा पिवळा कागद तुपाने पारदर्शक झाला होता आणि आतली अक्षरं उलटी होऊन बाहेर आली होती.

मिश्रा चाची दहा वाजता अवतरल्या. हातात पुडी, डोक्यावर पदर, आणि आवाज नाक्यापर्यंत.

"अरे सुषमा की अम्मा! लड्डू तो बढ़िया हैं, लेकिन ये साथ में क्या बाँट दिया? हमारे मिश्रा जी चश्मा लगा के पूरा पढ़ गए! पूछ रहे हैं, यह महाराष्ट्र का रिवाज है क्या?"

मी मोरीत तोंड लपवलं. आई ओल्या हातांनी बाहेर आली. तिने पुडी घेतली, उलटसुलट करून बघितली, जणू आता तिला वाचता येणार होतं.

"क्या लिखा है, चाची?"

चाचींनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि आईच्या कानात सांगितलं. आईने पुडी त्यांच्या हातात परत ठेवली. मग म्हणाली, "वो तो सिस्टरजी रोज माइक पे बोलती हैं. मिश्रा जी को समझ में आया न सब?"

चाचींना हसू आवरेना. "आया, आया. अच्छे से आया." जाता जाता त्या आणखी एक पुडी घेऊन गेल्या. बहिणीसाठी, म्हणाल्या.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. बाबा दोन दिवस माझ्याकडे न बघता जेवले, तेही विसरलं गेलं असतं. पण तिसऱ्या दुपारी वंदनावहिनी मटर घेऊन आमच्या गच्चीवर आली.

वंदनावहिनी आमच्या शेजारच्या काकूंची सून. माहेर सौंसरकडचं. वय असेल तेव्हा बावीस-तेवीस, म्हणजे माझ्यापेक्षा फार मोठी नाही, पण लग्नाला चार वर्षं झालेली. तिचा नवरा, आमचा दिलीपदादा, जबलपूर-नागपूर ट्रक चालवायचा. वहिनीचं पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात गेलं होतं आणि दुसरं सहाव्यात. दुसऱ्या वेळी काकूंनी दारात लिंबू-मिरची टांगली, गळ्यात ताईत बांधला, आणि वहिनीला गल्लीतल्या कुणाच्या बारशाला पाठवणं बंद केलं. दृष्ट आहे, म्हणत. कुणाची ते सांगत नसत, पण कधीकधी वहिनीकडेच अशा बघत, की तीच स्वतःला दृष्ट लावतेय.

त्या दुपारी तिला पुन्हा तिसरा महिना लागला होता. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं, न बोलल्याने तो जीव टिकेल म्हणून.

आई ड्यूटीवर होती. आम्ही दोघी पाठीला ऊन घेऊन बसलो. बराच वेळ नुसत्या शेंगा फुटत राहिल्या. मग वहिनीने ब्लाउजमधून चार घड्या घातलेला पिवळा कागद काढला आणि मटरच्या ढिगावर ठेवला.

"हे वाचून दाखवते का? मले हिंदी जराशी येते. पण हे शब्द मोठे मोठे हायत."

मी कागद तिच्याकडे परत सरकवला. मी म्हटलं, "वहिनी, ते काही खास नाही."

"तू शिकून राहिली न? मंग वाच."

मी वाचलं. एक ओळ वाचायची, एक शेंग फोडायची. संक्रमण म्हणजे लागण. ती पती-पत्नीच्या संबंधातून एकाकडून दुसऱ्याला लागू शकते. पुष्कळदा काहीच लक्षण दिसत नाही. साधं पाणी जाणं म्हणजे रोग नव्हे. वास, खाज, दुखणं असेल तर दाखवा. ही चौथी ओळ. ती वाचताना माझा आवाज थांबला, कारण दोन-अडीच महिन्यांची माझी भीती त्या एका ओळीत संपली होती आणि मला तिथंच रडू येत होतं. पण वहिनी म्हणाली, "पुढं." पुढे बाथरूमने, हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही असं होतं. मग होतं, बार बार गर्भ गिरना, म्हणजे पुन्हापुन्हा गर्भ पडणं, हे सिफलिस नावाच्या लागणीनेही होतं. सिफलिसची तपासणी साध्या रक्ताच्या चाचणीने होते. इलाज आहे. पती-पत्नी दोघांनीही करून घ्यावा.

"थांब," वहिनी म्हणाली. "ते गर्भाचं पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. तिचा हात शेंगेवर तसाच राहिला. मग तिने विचारलं, "सुषमा, हे चांगल्या घरच्या बाईले होते काय?"

मी अकरावीची विज्ञानाची विद्यार्थिनी. परिसरातली सगळ्यात हुशार मुलगी. मला उत्तर येत नव्हतं. रेखाची मौसी, मौसीची नणंद, भिंतीवरची निळी अक्षरं, सगळं एकदम डोक्यात आलं आणि समोर वहिनी बसली होती, जिच्याएवढं चांगल्या घरचं मला कुणी माहीत नव्हतं.

"आईला विचारते," मी म्हटलं.

संध्याकाळी आई आली तेव्हा मी मोरीपाशीच तिला गाठलं. सगळं सांगितलं, वहिनीचा प्रश्नही. आई पाय धूत होती. तांब्या खाली ठेवून म्हणाली, "रोग काय घर पाहून येते काय? ताप येते तवा विचारते काय, चांगल्याचं घर की वाईटाचं?"

दुसऱ्या दिवशी तिने काकूंना सांगितलं की केंद्रात लोहाच्या गोळ्या वाटताहेत, सुनेला नेते. हे खोटं नव्हतं, गोळ्याही मिळाल्याच. सिस्टरजींनी रक्त घेतलं. चाचणी पॉझिटिव्ह आली. सिफलिसच होता.

सिस्टरजी ओरडल्या नाहीत, कुणाचं नाव काढलं नाही. हे मला आईने सांगितलं, आणि ते सांगताना तिच्या आवाजात जे होतं ते मी पुढे शिक्षिका झाल्यावर स्वतःच्या आवाजात आणायचा प्रयत्न करत आले. त्या एवढंच म्हणाल्या, "बेटा, सुई लगेगी, हर हफ्ते एक, तीन हफ्ते. बच्चे के लिए अभी देर नहीं हुई है. लेकिन पति को लाना पड़ेगा. अकेली का इलाज आधा इलाज है."

सुई वहिनीने घेतली. वेदना फार होत असणार, कारण दर आठवड्याला ती लंगडत यायची आणि काकूंना सांगायची, पायात गोळा आला. पण दिलीपदादाला कसं सांगायचं? तो फेरीवरून आला की दोन दिवस झोपायचा, तिसऱ्या दिवशी निघायचा. तिने एकदा विषय काढला.

"मले काय झालं हाय?" तो म्हणाला. "मी धडधाकट. दवाखाना बायकांचा असते."

दुसऱ्यांदा काढला तेव्हा तो ताटावरून उठला. वहिनी गच्चीवर आली, मटर नव्हता तरी बसली. "पोट वाढून राहिलं, सुषमा," ती म्हणाली. "हा पण गेला त मी काय करू?" मी सोळा वर्षांची. मी तिच्या हातावर हात ठेवला, आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की तीन महिने मी कुणालाच शिवले नव्हते.

उपाय तिचा तिनेच काढला. पुढच्या फेरीला दादाच्या डब्यात तिने चिवडा ठेवला. पुडीत. पुडी पिवळी.

पुढे काय घडलं ते तिने मला फार वर्षांनी सांगितलं. लखनादौनच्या पुढे एका ढाब्यावर त्याने चहा घेतला, पुडी उघडली. क्लीनर बाजूला झोपला होता. चिवडा संपला, कागद हातात राहिला. घरात त्याच्यासमोर आई होती, बायको होती, चार भिंती होत्या. तिथं कुणी नव्हतं. त्याने वाचला. नागपूरहून परत आल्यावर आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि आमच्या दारात उभा राहिला. आईला म्हणाला, "मावशी, तुमची ड्यूटी कितीची हाय?" एवढंच. आई म्हणाली, "आठची. चल." दोघं चालत गेले. तो पुढे, आई चार पावलं मागे, म्हणजे गल्लीला वाटावं, दोघांचा रस्ता तेवढा एक आहे.

श्रावणात वहिनीला मुलगी झाली. सिस्टरजींनी तिचंही रक्त तपासलं. सगळं ठीक होतं. काकूंनी दारावरची लिंबू-मिरची काढली नाही, उलट नवी बांधली, तिनेच काम केलं म्हणून. वहिनी हसली. "राहू दे," मला म्हणाली. "तिनंही काही वाईट नाही केलं."

मी शिकले, शिक्षिका झाले, जीवशास्त्र घेतलं ते त्या हिवाळ्यामुळे. बी.एस्सी.च्या मुलाखतीत मला विचारलं होतं, हा विषय का? मी काहीतरी छापील उत्तर दिलं. खरं उत्तर पुडीत होतं.

आजच्या मुलांना सगळं माहीत असतं असं सगळे म्हणतात. त्यांच्या हातात फोन आहे. नावं त्यांना माहीत असतात, इंग्रजीतली, माझ्यापेक्षा जास्त. पण भिंत गेली नाही, फक्त खिशात आली. म्हणून मी दरवर्षी थंडी पडली की वर्गाला पुडी घालायला शिकवते. प्रश्न आत लिहायचा, बाहेर ओळखायला एखादं चित्र काढायचं, नाव नाही. माझ्या टेबलावर बिस्किटांचा जुना डबा असतो. कुणी पतंग काढतं, कुणी मांजर. आत असतं, नर्मदेत पोहल्याने होतो का? दोस्त म्हणतो लिंबू लावलं की जातं, सच है क्या? मॅम, लक्षण नाही तर तपासायचं कशाला? मी उत्तरं लिहिते, सगळे प्रश्न एका कागदावर छापून घेते, आणि संक्रांतीला तिळगुळाच्या पुड्या त्याच कागदाच्या करते. छापील बाजू आत. शरमेने नव्हे आता.

यंदा डिसेंबरात प्राचार्यबाईंनी मला बोलावलं. एका वडिलांची तक्रार आली होती. त्या वाईट नाहीत, दमलेल्या आहेत. म्हणाल्या, "आपकी नीयत पर किसी को शक नहीं है, सुषमा जी. बस इस साल रहने दीजिए." मी म्हटलं, "जी." इतकं सोपं होतं ते. डबा मी कपाटात ठेवला. तरी मुलांनी दोन-तीनदा कपाट उघडं बघून त्यात पुड्या टाकल्याच.

काल आमच्याकडे हळदीकुंकू झालं. आई आता खुर्चीतच बसते, पण तिळाला तूप किती ते तिथून सांगते. वंदनावहिनी आली. केस पांढरे होऊ लागलेत, गुडघा दुखतो. दिलीपदादाने ट्रक सोडला, आता त्याचं छोटं दुकान आहे. त्यांची तन्वी, तीच श्रावणातली, माझ्याच वर्गात आहे, बारावीत, भांडखोर आणि गणितात पक्की.

मी वहिनीला कुंकू लावलं, पुडी दिली. तिने ती उघडली, लाडू तोंडात टाकला, आणि मग सवयीने कागद गुडघ्यावर ठेवून तळहाताने सरळ केला. दरवर्षी ती असंच करते, मी कधी त्याबद्दल बोलले नव्हते. तिने कागद उलटा केला. पुन्हा सुलटा केला.

"कोरी?" ती म्हणाली.

मी कुंकवाच्या करंड्याचं झाकण लावलं.

"तन्वीची पण कोरीच आली. मले वाटलं तिच्याच वाट्याले चुकून आली." मग माझ्याकडे न बघता, जशी कधीकाळी गच्चीवर बसली होती तशी, कागदाच्या घड्या घालत म्हणाली, "पोरींले कोऱ्या पुड्या नको देऊ, सुषमा. पोरांले पण."

खुर्चीतून आई म्हणाली, "काय म्हणून राहिली वंदना?"

"काही नाही, मावशी. लाडू मस्त झाला."

दारात मी तिला विचारलं, हे सगळं लिहू का. तिने चपलेत पाय घातला. "लिही," म्हणाली. "नाव बदल. पण जरा चांगलं ठेवजो."

ती गेल्यावर मी शाळेच्या कपाटातून आणलेला डबा उघडला. पाच पुड्या होत्या. पहिलीवर मटरची शेंग काढली होती, आत पाच दाणे, पेन्सिलने नीट रंगवलेले. उघडली. अक्षर ओळखीचं नव्हतं, आणि मी ओळखायचा प्रयत्नही केला नाही. आत लिहिलं होतं, मॅम, ये अच्छे घर वालों को भी होता है क्या?

मी पेन घेतलं. सोळाव्या वर्षी जे उत्तर मला आलं नव्हतं ते आईला शेजारच्या खोलीत विचारायची आता गरज नव्हती. लिहिलं, रोग घर पाहून येत नाही. मग खाली बाकीचं, तपासणी कुठे, इलाज कसा, कुणाकडे जायचं.

रथसप्तमीला अजून चार दिवस आहेत, तोवर तिळगूळ चालतो. उद्या सकाळी कागद छापून आणेन. तीळ घरात आहेत, आज रात्री भाजून होतील. पहिली पुडी प्राचार्यबाईंच्या हातात देणार आहे, आत काय आहे ते सांगून. त्यांनी ती एकटीने उघडावी, एवढंच माझं मागणं.